मागचे ड्रम काढून डिस्क बसवायच्या आहेत: आधी कोणता हिशोब करायचा?

दोनपाने

गाडी: हॅचबॅक, इंजिन पुढे, ओढ पुढच्या चाकांची. रिकामं वजन ९२० किलो. पुढे डिस्क, मागे २०० मिमीचे ड्रम, व्हील सिलिंडर १७.४६ मिमी. मागचा आस म्हणजे साधा पिळणारा बीम. एबीएस नाही. रिम १३ इंची.

तयार संच मिळतो त्यात २४० मिमीची सपाट डिस्क, ३८ मिमी पिस्टनचा हॅन्डब्रेकसकट कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि १० मिमी जाडीची ब्रॅकेट आहे. विकणारे म्हणतात ड्रम काढा, हे लावा, हवा काढा, झालं. इतकं सोपं असतं तर मागच्या नळीत वेगळा व्हॉल्व्ह कशाला लागला असता? ब्रेकचा तोल बिघडतो का, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) चालेल का आणि हॅन्डब्रेक उतारावर धरेल का, एवढे तीन प्रश्न आहेत. आकड्यांसकट उत्तरं मिळाली तर बरं.

कोरडा_रस्ता

कशासाठी बदलताय ते आधी सांगा. थांबायचं अंतर कमी व्हावं म्हणून असेल तर खर्च वाया जाईल. पेडल जोरात दाबलं की मागची चाकं ड्रमवरही जाम होऊ शकतात. म्हणजे आधी संपते ती टायरची पकड, ब्रेकची ताकद शिल्लकच असते. अंतर ठरवतात टायर आणि पुढचे ब्रेक.

डिस्कचे खरे फायदे वेगळे आहेत. लांब उतारावर ड्रम तापला की व्यासाने मोठा होतो, लायनरपासून (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचं अस्तर) लांब जातो आणि पेडल खाली उतरतं. डिस्क तापली की जाडीने फुगते, म्हणजे पॅडच्याच दिशेने. पाण्यातून गेल्यावर डिस्क लगेच कोरडी होते, ड्रममध्ये शिरलेलं पाणी रेंगाळतं. आणि ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो, त्यामुळे लायनरचं घर्षण थोडं बदललं तरी ब्रेकचा जोर बराच बदलतो. डावं-उजवं चाक कमीजास्त धरण्याचं हे मोठं कारण. डिस्कमध्ये जोर घर्षणाच्या सरळ प्रमाणात बदलतो.

उलट बाजूही ऐका. छोट्या गाडीत मागच्या ब्रेकवर काम इतकं थोडं असतं की मागची डिस्क पुसली जात नाही, गंजते, कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकतात. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या विजेवरच्या गाड्यांना मागे ड्रम दिले ते उगाच नाही.

पास्कल

तोलाचं गणित मांडतो. चालक धरून १००० किलो, पुढच्या-मागच्या आसांत २४०० मिमी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३० मिमी, उभ्या गाडीत मागे ३८ टक्के वजन, टायरची त्रिज्या ०.२७ मी. या वर्गाच्या गाडीला साजेसे आकडे धरलेत. तुमची गाडी काट्यावर पुढचा आस आणि मागचा आस वेगवेगळा ठेवून तोला आणि आकडे बदला.

०.८ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट वेगाने मंदावेल असा) ब्रेक मारला की पुढे सरकणारं वजन = १००० × ०.८ × ५३० ÷ २४०० = सुमारे १७७ किलो. मागे उरतं ३८० − १७७ = २०३ किलो, म्हणजे जेमतेम २० टक्के. त्यातून मागचं एक चाक जाम न होता जास्तीत जास्त २१५ न्यूटन-मीटर घेऊ शकतं. याच्या वर दिलेला प्रत्येक न्यूटन-मीटर चाक घसरवण्यात जातो.

आता प्रत्येक बार दाबाला मागचं एक चाक किती धरतं ते बघू.

आत्ताचा ड्रम: १७.४६ मिमी सिलिंडरचं क्षेत्रफळ २३९ चौ. मिमी. दोन शूच्या साध्या ड्रमचा गुणक (पिस्टनच्या जोराच्या किती पट घर्षणाचा जोर मिळतो ते) साधारण २.२, त्रिज्या १०० मिमी. उत्तर ५.३ न्यूटन-मीटर प्रति बार.

डिस्कचा गुणक म्हणजे दोन पॅड गुणिले घर्षण. घर्षण ०.३८ धरलं तर ०.७६. २४० मिमी डिस्कवर पॅडचा मध्य साधारण १०० मिमी त्रिज्येवर येतो. मग ३० मिमी पिस्टनला ५.४, ३४ मिमीला ६.९ आणि ३८ मिमीला ८.६.

म्हणजे तुमच्या संचातला कॅलिपर त्याच दाबाला ड्रमच्या दीडपटीहून जास्त धरतो. पुढे ४८ मिमी पिस्टन आणि ९५ मिमी परिणामी त्रिज्या धरली तर ०.८ जीला पुढच्या ब्रेकला सुमारे ६५ बार लागतात. मागचा व्हॉल्व्ह ३० बारपर्यंत सगळा दाब जाऊ देतो आणि त्यापुढच्या वाढीचा ०.३ हिस्साच सोडतो असं समजा. मागे पोचतात ४०.५ बार. ड्रमला हे २१५ च्या आतबाहेर बसतं, गाडी बनवणाऱ्याने तसंच जुळवलेलं असतं. ३८ मिमीच्या कॅलिपरला तेच ४०.५ बार ३४९ न्यूटन-मीटर देतात. मागची चाकं जाम, आणि मागची चाकं आधी जाम झाली की गाडी सरळ थांबत नाही, शेपूट पुढे आणते. पुढची जाम झाली तर स्टिअरिंग चालत नाही पण गाडी निदान सरळ जाते.

३४ मिमीसुद्धा या व्हॉल्व्हवर २७९ देतो. तोही जास्तच.

कोरडा_रस्ता

पास्कल, एक भर. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा ताणायलाच पहिले ३ ते ५ बार जातात. डिस्कला अर्धा बार पुरतो. त्यामुळे हलक्या ब्रेकला, ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर, मागची डिस्क ड्रमच्या आधीच धरायला लागते. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही.

पास्कल

बरोबर, आणि तो भाग व्हॉल्व्हच्या हातात नाही. ३० बारलाच मोजा, जिथे व्हॉल्व्ह अजून मध्ये पडलेला नाही. ड्रमवर मागच्या टायरला ०.३५ ची पकड लागते आणि पुढच्याला ०.४२, म्हणजे पुढचं आधी सुटेल, योग्य क्रम. ३८ मिमी कॅलिपरवर मागच्याला ०.७२ लागते, पुढच्याला ०.४१. ओल्या रस्त्यावर तेवढी पकड मिळतच नाही. ३० मिमीला दोन्हीकडे ०.४२ येतं, म्हणजे अगदी काठावर.

संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमावलीत ०.१५ ते ०.८ जी या पट्ट्यात मागच्या आसाला लागणारी पकड पुढच्यापेक्षा जास्त नसावी अशी अट आहे. कारण नेमकं हेच.

लोखंडी

एवढं डोकं कशाला लावायचं? घुंडीचा व्हॉल्व्ह मिळतो. मागच्या दोन्ही नळ्या टीने एकत्र करा, त्यावर एक व्हॉल्व्ह बसवा, घुंडी फिरवून दाब कमी करा. काम झालं.

तिरकी_जोडणी

लोखंडी, हे कुणी करू नये म्हणून सविस्तर लिहितो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकचे दोन मार्ग तिरके असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका मार्गावर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्यावर. एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक उरतात. मागच्या दोन नळ्या टीने जोडल्या की दोन्ही मार्ग एक झाले. आता कुठेही एक होज फुटला की चारही चाकांचं ऑइल त्याच भोकातून जाणार.

पुढचा-मागचा असे मार्ग नव्याने वेगळे करू म्हणाल तर पुढचा मार्ग गेल्यावर फक्त मागचे ब्रेक उरतात, आणि मागे किती वजन असतं ते वर आलंच आहे.

तिरक्या जोडणीत व्हॉल्व्ह दोन लागतात, प्रत्येक मार्गात एक, आणि दोन्ही एकसारखे. घुंडीचे दोन व्हॉल्व्ह हाताने सारखे लावणं म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडी कुठल्या बाजूला ओढेल याचा जुगार. शिवाय घुंडी फिरवली की दाब कापायला सुरुवात होण्याचा बिंदू तेवढा मागेपुढे होतो, त्यापुढच्या वाढीचा हिस्सा तोच राहतो. त्या बिंदूच्या खाली जे होतं ते तसंच.

जोडणी कशी आहे ते ओळखायला मास्टर सिलिंडरपासून नळ्या हाताने माग काढत जा. सिलिंडरच्या मागच्या तोंडांवर बोटाएवढ्या जाड नळकांड्या आट्यांवर बसवलेल्या दिसल्या तर तेच व्हॉल्व्ह. बीमजवळ स्प्रिंग आणि दांडी लावलेला व्हॉल्व्ह असेल तर तो मागच्या वजनानुसार दाब बदलणारा.

दोनपाने

माग काढला. जोडणी तिरकीच आहे, मास्टर सिलिंडरच्या दोन तोंडांवर दोन नळकांड्या आहेत. मास्टरचा बोअर २०.६४ मिमी. मागे स्टब अ‍ॅक्सल (ज्यावर चाक फिरतं तो आखूड दांडा) बीमला चार बोल्टांनी बसतो आणि ड्रमची बॅकप्लेट त्या दोघांच्या मध्ये. बेअरिंग ड्रमच्या आतच आहेत, हब वेगळा नाही. याच गाडीच्या वरच्या प्रकारात कंपनीकडूनच मागे डिस्क येतात, कॅलिपर ३४ मिमीचा.

पाना१४

मग तयार संच सोडून द्या. वरच्या प्रकाराचा मागचा भाग जसाच्या तसा उचला: स्टब अ‍ॅक्सल, हब, डिस्क, कॅलिपर आणि त्याचा घोडा (कॅलिपर धरणारी ब्रॅकेट), होज, दोन्ही हॅन्डब्रेक केबल, मास्टर सिलिंडर आणि दोन्ही व्हॉल्व्ह. शेवटचे दोन भाग लोक हमखास विसरतात आणि मागचे ब्रेक जादा धरतात म्हणून घुंडी शोधत बसतात. पास्कलचं ३४ मिमीचं गणित जुन्या व्हॉल्व्हवरचं आहे; ३४ मिमीबरोबर कंपनीने दिलेला व्हॉल्व्ह लवकर कापायला लागतो किंवा जास्त कापतो. काही जपानी बनावटीच्या व्हॉल्व्हवर दोन आकडे ठोकलेले असतात, पहिला कापायला सुरुवात होण्याचा दाब (किलो प्रति चौ. सेंमी), दुसरा त्यापुढच्या वाढीतला मागे सोडला जाणारा हिस्सा. जुना आणि नवा शेजारी ठेवून वाचा. पुढचे कॅलिपरही दोन्ही प्रकारांत सारखेच आहेत का ते तपासा, कारण व्हॉल्व्ह त्यांच्या जोडीने ठरवलेला असतो.

ड्रमच्या पोटात बेअरिंग असलेल्या गाडीला तयार संच तसाही नीट बसत नाही. डिस्क कशावर बसवायची हाच प्रश्न उरतो. मग कुणीतरी ड्रम लेथवर कापून त्याचा हब करतो. ओतीव लोखंडाचा तो उरलेला पातळ कडा चाकाचे बोल्ट पेलण्यासाठी घडवलेला नसतो. असलं काम नको.

बसवताना क्रम असा ठेवा.

गाडी उचलून पक्क्या आधारांवर, पुढच्या चाकांना अडणी, हॅन्डब्रेक पूर्ण सोडलेला. मागच्या नळ्यांच्या नटांवर आदल्या दिवशी गंजतेल सोडा आणि फ्लेअर नटचा पाना वापरा. साध्या पान्याने नट गोल झाला की नळीच बदलावी लागते. नळी सुटली की तोंडाला रबरी टोपी लावा, नाहीतर मास्टरमधलं ऑइल ओघळून हवा पार वरपर्यंत शिरते.

बॅकप्लेट निघाल्यावर बीमचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाचा अर्ध्या मिमीचा पापुद्रा राहिला तर स्टब तिरका बसतो आणि चाकाचा कोन बिघडतो. बॅकप्लेटचा पत्रा दोनतीन मिमीचा असतो. नव्या ब्रॅकेटची जाडी वेगळी असेल तर चाक तेवढं बाहेर येतं आणि जुने बोल्ट आखूड पडतात. बोल्टचे आटे बोल्टच्या व्यासाएवढे तरी आत गेले पाहिजेत. बोल्ट ८.८ किंवा १०.९ खुणेचेच घ्या, ज्या दर्जाचे मूळचे आहेत त्याच्या खालचे नाहीत. खूण नसलेले चकचकीत स्टेनलेस बोल्ट इथे चालत नाहीत. आवळायचा टॉर्क गाडीच्या पुस्तकातला. हबचा मोठा नट दर वेळी नवा.

डिस्क बसवून, चाकाचे नट वायसर घालून आवळून, डायल गेजने बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत तिचा डोल मोजा. ०.१० मिमीच्या वर असेल तर डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून परत मोजा. हबवरच्या गंजाचा कण नव्या डिस्कला डोलायला लावायला पुरतो. मग कॅलिपरचा घोडा: डिस्क त्याच्या खाचेच्या मधोमध, अर्ध्या मिमीच्या आत. सरकता कॅलिपर उरलेलं सांभाळून घेतो, पण घोडाच तिरका असेल तर पॅड पाचरीसारखे झिजतात.

कॅलिपर डावा-उजवा बघून लावा. हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. अदलाबदल झाली तर निपल खाली येतं, वरची हवा कधीच निघत नाही, आणि माणूस मास्टर सिलिंडर बदलत बसतो.

हॅन्डब्रेकवाल्या कॅलिपरचा पिस्टन दाबून आत ढकलायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो. सी क्लॅम्पने रेटला की आतली आपोआप जुळणारी आट्यांची यंत्रणा मोडते. पिस्टनच्या तोंडावरची खाच पॅडमागच्या खुंटीसमोर आणून ठेवा. नाहीतर पॅड तिरका बसतो.

होज बसवल्यावर चाक पूर्ण खाली लटकवून आणि पूर्ण वर दाबून, दोन्ही टोकांना बघा: ताण नको, पीळ नको, टायरला किंवा बीमला घासायला नको. बॅन्जो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वायसर. नळीच्या तोंडाचा फुगवटा दोन प्रकारचा असतो आणि आटे दोघांचेही एम१०×१ असू शकतात, त्यामुळे चुकीची जोडी हाताने छान बसते आणि दाब आला की गळते. जुनं आणि नवं तोंड डोळ्यांनी ताडून बघा.

१३ इंची रिममध्ये कॅलिपर आणि रिम यांच्यात सगळीकडे ३ मिमी तरी जागा हवी. कॅलिपरवर मऊ मातीच्या गोळ्या चिकटवा, चाक लावून हाताने एक फेरा फिरवा, गोळ्या किती चपट्या झाल्या ते मोजा.

लोखंडी

मास्टर सिलिंडर का बदलायचा पण? एवढा मोठा पिस्टन म्हणजे ऑइल जास्त लागणार, हेच ना?

पास्कल

तितकंसं नाही. व्हील सिलिंडरचे दोन पिस्टन प्रत्येकी ०.८ मिमी सरकले तर २.३९ चौ. सेंमी × ०.०८ × २ = ०.३८ घनसेंमी. ३४ मिमीचा पिस्टन ०.४ मिमी सरकला तर ९.०८ × ०.०४ = ०.३६ घनसेंमी. सारखंच. फरक पडतो पॅड डिस्कपासून लांब राहिले तर. प्रत्येक मागच्या चाकाला अर्धा घनसेंमी जादा लागला की २०.६४ मिमीच्या मास्टरमध्ये प्रत्येक मार्गाला दीड मिमी, दोन्ही मिळून ३ मिमी जास्त चाल. पेडलचं प्रमाण ४ धरलं तर पायाखाली १२ मिमी. एवढं पेडल खाली गेलं की लोक मोठा मास्टर लावतात. मोठ्या मास्टरने पेडल वर येतं खरं, पण त्याच दाबाला पाय जास्त जोर लावतो आणि मूळ कारण तसंच राहतं.

वरच्या प्रकाराचा मास्टर त्याच बोअरचा निघाला तर जुना ठेवायला हरकत नाही, फक्त एक बघा: काही जुन्या मास्टरमध्ये ड्रमच्या मार्गासाठी सुमारे ०.७ बार दाब अडवून धरणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो चालत नाही. पॅड कायम घासत राहतात.

ओढतार

हॅन्डब्रेकवर कुणीच आलं नाही अजून, आणि या कामात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

भरलेली गाडी १३५० किलो, उतार २० टक्के (१३-एचमध्ये हॅन्डब्रेकची चाचणी याच उतारावर, हाताचा जोर ४०० न्यूटनच्या आत). प्रत्येक मागच्या चाकाला सुमारे ३५० न्यूटन-मीटर धरून ठेवायचे आहेत. ड्रममध्ये त्यासाठी शूला १६०० न्यूटन पुरतात. डिस्कला तेच करायला पॅडवर ४६०० न्यूटन लागतात. जवळपास तिप्पट. म्हणून कॅलिपरवरच्या दांडीचं प्रमाण वेगळं, केबलची चाल वेगळी, आणि ड्रमची केबल ओढून-ताणून कॅलिपरला जोडली की लिव्हर वरपर्यंत येऊनही गाडी घरंगळते. वरच्या प्रकाराच्या केबल घ्या, शक्य असेल तर लिव्हरसकट.

जुळवायचा क्रम उलटा करू नका. केबल पूर्ण ढिली, आधी पायाचा ब्रेक वीसतीस वेळा मध्यम जोराने दाबून पॅड डिस्कजवळ आणा (काही कॅलिपरांत पाय नाही, हॅन्डब्रेकची दांडीच मागेपुढे करून पिस्टन पुढे येतो, पुस्तक बघा). मग केबल इतकीच ताणा की दोन्ही कॅलिपरांच्या दांड्या आपापल्या अडणीला टेकलेल्याच राहतील, फार तर एक मिमी सुटतील. केबल जास्त ताणली की दांडी अडणीवरून कायम उचललेली राहते आणि आतली जुळणी काम करणं थांबवते. पॅड झिजत जातात, पिस्टन मागेच राहतो, पेडल दर आठवड्याला थोडं खाली. पास्कलने सांगितलेले ते १२ मिमी बहुतेक वेळा इथून येतात.

आणखी एक. तापलेली डिस्क थंड होताना जाडीने कमी होते आणि पॅडवरची पकड सैल पडते. लांब उतार उतरून लगेच चढावर गाडी लावली असेल तर लिव्हर एक खटका जास्त ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

लायनर

विरोधी मत नोंदवतो. वरचं सगळं खरं आहे, म्हणूनच विचारतो, ड्रम नीट करून बघितलेत का? ड्रम लेथवर गोल करून घ्या, आतल्या भिंतीवर ठोकलेल्या कमाल व्यासाच्या आत राहून. शूची गोलाई ड्रमला जुळते का बघा: खडू लावून शू ड्रममध्ये फिरवला की फक्त टोकं किंवा फक्त मध्य पुसला जात असेल तर जुळत नाही. स्वयंचलित जुळणीची दातेरी चकती गंजून अडकलेली असते, ती सोडवा. बॅकप्लेटवर शू जिथे सरकतो त्या सहा जागांवर खाचा पडल्या असतील तर शू अडकतो. घासून सपाट करा आणि उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसटसं लावा. उरलेला खर्च पुढच्या पॅडवर आणि चांगल्या टायरवर करा. रोजच्या गाडीला यातून जे मिळेल ते मागच्या डिस्कने मिळणार नाही.

कोरडा_रस्ता

लायनर +१. फक्त सतत भरलेल्या गाडीने मोठे उतार उतरायचे असतील, किंवा वरचेवर पाण्यातून जावं लागत असेल, तर डिस्कचा विचार करावा.

दोनपाने

वापर तुम्ही म्हणता तसलाच आहे, लांब उतार आणि भरलेली गाडी. म्हणून वरच्या प्रकाराचा पूर्ण भाग बसवायचं ठरवतोय. मागचे पॅड कसले घेऊ? आणि बसवल्यावर बरोबर झालंय हे कसं ओळखू?

पास्कल

पॅडच्या कडेवर दोन अक्षरं छापलेली असतात, पहिलं थंड घर्षणाचं, दुसरं गरम. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. मागे पुढच्यापेक्षा वरचं अक्षर कधीच लावू नका. पुढे ईई आणि मागे जीजी असेल तर वरचं सगळं गणित पाण्यात.

पाना१४

हवा काढताना पुस्तकातला चाकांचा क्रम पाळा, तिरक्या जोडणीत तो ‘सगळ्यात लांबचं आधी’ असा सरळ नसतो. जुन्या मास्टरवर पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या चालीपलीकडे बोअरवर गंज आणि मळ साचलेला असतो, सील त्यावरून गेलं की फाटतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. ऑइल नवीन, बंद डब्यातलं डॉट ४. कोरडं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला. सिलिकोनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र चालतं.

तक्रारी आल्या तर कुठे बघायचं: पेडल मऊ आणि दोनदा दाबल्यावर वर येत असेल तर हॅन्डब्रेकची जुळणी किंवा पॅडचं अंतर. कितीही दाबलं तरी स्पंजासारखंच लागत असेल तर हवा. आधी निपल वर आहे का बघा. पेडल कडक आहे पण दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय तर मास्टरचं सील, किंवा कुठेतरी गळती. थोडं चालवून एक मागचं चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागलं तर पिन अडकलेली, केबल ताणलेली किंवा होज आतून फुगून बंद झालेला. दोन्ही सारखीच जास्त गरम असतील तर ओढतारने सांगितलेली केबल किंवा पास्कलचा तो ०.७ बारवाला व्हॉल्व्ह.

तिरकी_जोडणी

व्हॉल्व्ह खरंच काम करतोय का हे अंदाजाने ठरवू नका. एकाच मार्गावरच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या निपलच्या जागी प्रेशर गेज लावा. पेडल हळूहळू दाबत पुढे १०, २०, ३० असे बार वाढवत मागचा आकडा लिहून काढा. कुठपर्यंत दोन्ही सारखे चालतात आणि तिथून मागचा किती मागे पडतो ते दिसतं. मग दुसरा मार्ग. दोन्हींचे आकडे जुळले पाहिजेत. गेज काढल्यावर हवा परत काढावी लागते.

कोरडा_रस्ता

त्यानंतर पॅड बसवून घ्या: ६० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, आठदहा वेळा, मध्ये थोडं अंतर चालवून. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि तो पुढे पेडलला जाणवतो.

मग रोलरच्या ब्रेक तपासणीवर न्या. डाव्या-उजव्यात फरक १० टक्क्यांच्या आत यायला हवा. सरतेशेवटी मोकळ्या, सपाट, ओल्या जागेवर, गाडीत फक्त चालक, ४० च्या वेगाने, बाहेर एक माणूस चाकं बघायला उभा. जोर वाढवत जा. पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत. मागचं एकही आधी जाम झालं तर गाडी रस्त्यावर न आणता परत व्हॉल्व्हकडे. ओल्या जागेवरच का, तर कोरड्यावर मागचं अडखळणं उशिरा दिसतं आणि तोवर वेग आणि जोर दोन्ही जास्त असतात.

आणि हो, ब्रेकमधला बदल गाडीच्या नोंदणीत आणि विम्यात कळवावा लागतो का ते बसवायच्या आधी विचारा.

पाना१४

१०० किलोमीटर चालल्यावर दोन्ही बाजूंचे चारही स्टब बोल्ट आणि घोड्याचे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासा. पहिल्यांदा आवळतानाच रंगाची रेघ ओढून ठेवा, फिरला असेल तर पाना लावायच्या आधीच दिसेल. फिरलेला बोल्ट परत आवळून सोडून देऊ नका. काढा, खालचा पृष्ठभाग बघा. तिथे हमखास रंग किंवा गंज राहिलेला असतो.

दोनपाने

एक राहिलं: वरच्या प्रकाराची डिस्क जुनी मिळतेय, घेऊ का?

पाना१४

मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजा. कडेवर ठोकलेल्या किमान जाडीच्या वर असेल आणि आठ आकड्यांत ०.०१५ मिमीपेक्षा जास्त फरक नसेल तर घ्या. कॅलिपर जुना असेल तर सील आणि धूळटोपीचा संच नवा घाला, दांडी हाताने ओढून सोडली की ती स्वतः अडणीवर परत येते का बघा. येत नसेल तर तो कॅलिपर तिथेच ठेवा.